पिपातील कुलिंजन आणि पोत्यातील शटी

काही वर्षांपूर्वीच्या ज्येष्ठात आम्ही आमच्या पुण्यातील औषधालयाच्या गच्चीवर एक मोठे पीप तयार करून ठेवले होते. २०० लिटरच्या पिपाचा अर्धा भाग, तळाला भोके, त्यावर विटांचे तुकडे, आणि वर पोयटा, शेणखत व वाळू असा तो सरंजाम होता. शटीचे झुडूप छातीपर्यंत वाढते असे ग्रंथांतून वाचलेले असल्यामुळे आधारासाठी एक बांबूही रोवला होता. कंद मात्र रोपवाटिकेतून आणलेला नव्हता. शटी म्हणून विकत घेतलेल्या पोत्यात, चकत्यांच्या ढिगात, एक न कापलेला आणि पुरता न वाळलेला कंद आमच्या हाती लागला, तोच आम्ही हौसेने लावला. मृगाचा पाऊस झाल्यावर कोंब आला, पण तो वर काही चढेना. दोन रुंद, गोलसर पाने मातीला चिकटून पसरली आणि पुढे श्रावणात त्या दोन पानांच्या मधोमध जांभळ्या ठिपक्यांचे एक इवलेसे पांढरे फूल उमलले. बांबू रिकामाच उभा राहिला. ती शटी नव्हती. ते चंद्रमूल होते. वनस्पतिशास्त्रज्ञ ज्याला केम्फेरिया गॅलंगा म्हणतात ते.

तोवर त्या पोत्यातील बराचसा माल चूर्णरूपाने, ‘शटी’ अशी चिठ्ठी लावून, आमच्याच हातून रुग्णांना देऊन झाला होता. रुग्णांना त्यापासून काही अपाय झाल्याचे दिसले नाही, हे सांगितले पाहिजे. चंद्रमूलही सुगंधी आणि कटुरसात्मक द्रव्य आहे. केरळातील वैद्यपरंपरेत ‘कच्चोलम’ या नावाने त्याचा मोठा वापर आहे. परंतु ‘अपाय झाला नाही’ हे समर्थन वैद्याला शोभणारे नव्हे. चरकाचार्यांनी श्वासहर आणि हिक्कानिग्रहण या दोन्ही गणांत जिची गणना केली ती शटी आम्ही देत आहोत असे समजून आम्ही दुसरेच द्रव्य देत होतो, आणि ते आम्हांला आमच्या विद्येने कळले नाही. ते एका कंदाला अपघाताने फुटलेल्या कोंबाने कळले. व्यापाऱ्याला दोष देणेही फारसे न्याय्य ठरत नाही. त्याने ‘कापूरकाचरी’ मागितली ती कापूरकाचरी दिली. बाजारात या एका नावाखाली काय काय येते हे विचारण्याचे काम आमचे होते.

वनौषधींची नावे आणि रूपे शेळ्या-मेंढ्या राखणारे, गुराखी आणि इतर वनवासी लोक जाणतात, असे चरकसंहितेच्या पहिल्याच अध्यायात म्हटले आहे. तेवढ्याने कोणी वैद्य होत नाही, नामरूपाच्या जोडीला योजनाही कळावी लागते, हा त्यातला पुढचा आशय आपण सर्वजण व्याख्यानांतून सांगत असतो. आज मात्र परिस्थिती उलटी झाली आहे. योजना आपल्याला ठाऊक आहे, नावेही मुखोद्गत आहेत. रूप तेवढे हरवले आहे. आपल्यापैकी कितीजणांनी शटीचे, कुलिंजनाचे किंवा कचोऱ्याचे जिवंत झाड फुलासह पाहिले आहे? हा प्रश्न आम्ही प्रथम स्वतःला विचारला आणि उत्तर लाजिरवाणे आले. महाविद्यालयांना औषधी वनस्पतींचे उद्यान ठेवावे लागते हे खरे, पण विद्यार्थिदशेतील ती भेट परीक्षेपुरती असते. शिवाय अशाच एका उद्यानात पेवाच्या झाडाला ‘कुष्ठ’ अशी पाटी लावलेली आम्ही पाहिली आहे. त्याविषयी पुढे लिहूच.

आमचे मत थोडक्यात असे आहे. प्रत्येक वैद्याने, आणि वैद्याहूनही अगत्याने प्रत्येक औषधनिर्मात्याने, आल्याच्या कुळातील मोठ्या वनस्पतींपैकी चार-पाच तरी मोठ्या पिपांत वा टाक्यांत वाढवाव्यात. औषध मिळावे म्हणून नव्हे, तर ओळख राहावी म्हणून. सोन्याच्या पेढीवर कसोटीचा दगड असतो, तशी ही झाडे औषधालयात असावीत.

हाच आग्रह अर्जुनासाठी किंवा हिरड्यासाठी आम्ही धरणार नाही. हिरडा वाळला तरी हिरडाच दिसतो. आल्याच्या कुळाचे तसे नाही. ही द्रव्ये आपल्यापर्यंत येतात ती चकत्यांच्या रूपात. बाहेरून तांबूस-तपकिरी साल, आत पांढरा पिठूळ गर, कडेला वलयांच्या खुणा आणि कापरासारखा किंवा सुंठीसारखा वास, एवढे वर्णन निम्म्या कुळाला लागू पडते. त्यात नावांचा गोंधळ. ‘गॅलंगा’ हे विशेषनाम कुलिंजनालाही आहे आणि चंद्रमूलालाही. एक अल्पिनिया गॅलंगा, दुसरे केम्फेरिया गॅलंगा. वाळलेल्या तुकड्यांवरून या दोघांविषयी वाद घालता येईल, पण जिवंत झाडांपुढे वादाला जागाच उरत नाही. एक माणसाहून उंच जाते आणि दुसरे जमीन सोडत नाही. शटी आणि कर्चूर ही आणखी एक जोडी. ‘षटकचोर’ या बाजारी नावात तर दोघांची मोटच बांधलेली आहे. कचोऱ्याच्या पानावर मध्यशिरेच्या बाजूने जांभळट पट्टा असतो आणि पान हळदीसारखे थेट जमिनीतून येते. शटीची पाने उभ्या दांड्यावर दोन ओळींत लागतात. लहान मुलालाही दाखवावे आणि त्याने लक्षात ठेवावे इतका हा भेद सोपा आहे, पण तो पोत्यात दिसत नाही.

कुलिंजनाचा प्रश्न याहून खोल जातो, कारण तो रास्नेशी जोडलेला आहे. चरकाच्या अग्र्यसंग्रहात वातहर द्रव्यांमध्ये रास्नेला श्रेष्ठत्व दिले आहे. महारास्नादि काढा ज्याच्या कपाटात नाही असा वैद्य शोधून सापडणार नाही. पण ही रास्ना कोणती? आयुर्वेदीय फार्माकोपियाने प्लुचिया लॅन्सिओलाटा ही वनस्पती स्वीकारली आहे. राजस्थान, गुजरात, पंजाब, उत्तर प्रदेश अशा कोरड्या, रेताड प्रदेशांतले ते झुडूप. बंगालकडे वांडा या आमराच्या जातीची मुळे रास्ना म्हणून घेत आले आहेत. केरळ आणि तमिळनाडूच्या परंपरेत कुलिंजन व त्याचा धाकटा भाऊ अल्पिनिया कॅल्करॅटा यांना रास्नेचे स्थान आहे. ज्या प्रदेशात जे उगवले आणि वातावर ज्याचा गुण आला ते त्या प्रदेशाने घेतले, असा याचा अर्थ आम्ही लावतो. यात भेसळ म्हणण्यासारखे काही नाही. मात्र परिणाम असा होतो की दोन प्रांतांत तयार झालेल्या महारास्नादि काढ्याच्या दोन बाटल्या वैद्याच्या कपाटात शेजारी-शेजारी उभ्या असतात, दोन्हींवर नाव एकच असते आणि आतील प्रधान द्रव्य भिन्न असते. आमवाताच्या रुग्णाला एका बाटलीने उतार पडला आणि दुसऱ्या बाटलीने पडला नाही, तर आपण पथ्याला दोष देतो, क्वचित रुग्णालाही. औषधनिर्मात्यांनी रास्ना म्हणून कोणती वनस्पती घेतली हे लेबलावर वनस्पतिशास्त्रीय नावासह, वाचता येईल अशा अक्षरात छापावे, ही आमची जुनी मागणी आहे. आणि वैद्याने कुलिंजनाचा ओला कंद एकदा तरी कापून, हुंगून, जिभेवर ठेवून पाहावा. त्याचा तिखट, किंचित देवदारासारखा गंध एकदा नाकात बसला की कोणत्या काढ्यात तो आहे आणि कोणत्या काढ्यात नाही, याचा अंदाज बाटलीचे बूच काढताच येऊ लागतो. भावप्रकाशकारांनी त्याला वचेच्या पंक्तीत महाभरी वचा म्हणून बसवले आणि स्वरासाठी हितकर सांगितले. गाणारे आणि कीर्तनकार घशासाठी त्याचा तुकडा तोंडात धरतात, हे आपण जाणतोच.

आता पेव. कोकणात आणि सह्याद्रीत पावसाळ्यात वाटेच्या कडेला ज्याचे लाल बोंड आणि त्यातून डोकावणारी पांढरी, कागदासारखी फुले दिसतात ते हे झाड, संस्कृतात केमुक. त्याचे जुने शास्त्रीय नाव कॉस्टस स्पेसिओसस. इंग्रजी व्यापारात ‘कॉस्टस’ म्हणजे आपले कुष्ठ, सॉसुरिया कॉस्टस, हिमालयातील सूर्यफुलाच्या कुळातली वनस्पती. दोघांत नात्याचा लवलेश नाही. नावापुरते साम्य आहे. पण तेवढ्या साम्यावर पाट्या लिहिल्या जातात, आणि पाट्यांवरून मागण्याही जातात. कुष्ठाचा आंतरराष्ट्रीय व्यापार साइट्स कराराच्या पहिल्या परिशिष्टात येतो, त्यामुळे हा घोळ केवळ पंडिती वादाचा नाही. वनस्पतिशास्त्रज्ञांनी पेवाला आता आल्याच्या कुळातून काढून स्वतंत्र कुळात बसवले असून त्याचे नावही हेलेनिया स्पेसिओसा असे बदलले आहे, हे एका परीने बरेच झाले. कुळ वेगळे का, हे पिपातले झाड स्वतःच सांगते. आल्याच्या कुळाची पाने दोन ओळींत लागतात. पेवाची पाने दांड्याभोवती गोल जिन्यासारखी वर चढत जातात, आणि पान चुरगळून पाहिले तर सुगंध नाही.

आमच्या या मताला काही औषधनिर्माते मित्रांनी हसून घेतले. ‘सूक्ष्मदर्शक आहे, टीएलसी आहे, प्रयोगशाळेचा दाखला आहे, मग गच्चीवर झाडे कशाला?’ असे त्यांचे म्हणणे. प्रयोगशाळेचे महत्त्व आम्हांला अमान्य नाही. पण शटीचेच उदाहरण घ्या. शटीच्या तेलातील एक प्रमुख घटक म्हणजे एथिल पॅरा-मेथॉक्सीसिनामेट. आणि चंद्रमूलाच्या तेलातील प्रमुख घटकही तोच. ज्या प्रयोगशाळेने एकाच घटकाच्या खुणेवर दाखला दिला तिने आमच्या त्या पोत्यालाही ‘शटी’ म्हणून पास केले असते. जाणकार तज्ज्ञ इतर खुणा पाहतो, सूक्ष्मदर्शकाखाली पिष्टकण पाहतो, हे खरे. मात्र तुलना करायला त्याच्यापाशी खात्रीचा नमुना लागतो, आणि खात्रीचा नमुना शेवटी फुलावर आलेल्या झाडापाशीच जाऊन पोचतो. पुण्यात भारतीय वनस्पति सर्वेक्षणाचे पश्चिम विभागीय केंद्र आहे, आघारकर संशोधन संस्था आहे; अशा ठिकाणी नुसती पाने घेऊन गेलात तर तज्ज्ञ पहिला प्रश्न विचारतील तो फुलाचा.

येथे पिपाच्या आकाराचा मुद्दा येतो, आणि आमच्या सर्व सांगण्याचे मर्म आम्ही यातच मानतो. हौसेने लावणारे बहुतेकजण कुलिंजन बारा इंची कुंडीत लावतात. त्यात झाड जगते, हिरवे राहते, फुलत मात्र नाही. कंद आडवा धावणारा. वर्षभरात तो कुंडीच्या कडेला जाऊन भिडतो, वळतो, आणि प्लॅस्टिकची कुंडी असेल तर ती फाडतो. आमच्या दोन कुंड्या अशा फाटल्या. खोली फार लागत नाही, दीड फूट पुरे. रुंदी मात्र हवी, दोन फुटांच्या खाली जाऊ नये. अर्धे पीप किंवा सिमेंटची जुनी टाकी सर्वांत उत्तम. एवढ्या जागेत कुलिंजन दुसऱ्या वर्षी फुलतो: टोकाला फुलांचा तुरा, हिरवट-पांढरी फुले, चमच्यासारख्या पाकळीवर तांबूस रेघा. जमिनीत तो सहा-सात फूट जातो. आमच्याकडे खांद्याच्या वर गेलेला नाही, पण ओळखीला उंची लागत नाही.

पीप घेताना एक सावधगिरी अवश्य बाळगावी. जुन्या बाजारात स्वस्त मिळणारी निळी पिपे पुष्कळदा रसायनांच्या कारखान्यांतून आलेली असतात. ज्या मातीत कंद दोन-तीन वर्षे बसून राहणार तिच्यात काय मुरले आहे हे कळायला मार्ग नाही. खाद्यतेल किंवा फळांचा रस भरलेली पिपेच घ्यावीत, ती महाग पडली तरी. जड धातूंच्या मर्यादा औषधाला आहेत. आपल्या कसोटीच्या झाडाला त्यांतून सूट देण्याचे कारण नाही. गच्चीवर ठेवणार असाल तर वजनाचाही विचार करावा. शंभर लिटर ओल्या मातीचे वजन दीडशे किलोच्या घरात जाते, तेव्हा पिपे तुळईच्या वर, भिंतीलगत ठेवावीत.

पाण्याच्या बाबतीत ही सर्व झाडे एका स्वभावाची नाहीत, आणि आमचे बरेचसे नुकसान हे न कळल्यामुळे झाले. कुलिंजन बारमाही हिरवा; त्याला हिवाळ्यातही पाणी हवे. सोनटक्का तर पाय ओले ठेवूनच सुखी असतो. कचोरा आणि पेव मात्र मार्गशीर्षाच्या सुमारास पिवळे पडतात, दांडे वाळतात आणि पीप रिकामे दिसू लागते. अशा वेळी प्रेमाने पाणी घालत राहिले तर आत कंद कुजतो. पावसाळ्यापर्यंत पीप कोरडे, सावलीत ठेवावे. त्यावर पाटी मात्र जरूर लावावी. आमच्या घरच्या मंडळींनी एका माघात पेवाचे ‘रिकामे’ पीप पाहून त्यात मिरच्यांची रोपे लावली होती. मिरच्या चांगल्या आल्या.

चैत्र-वैशाखातील दुपारचे ऊन पठारावर या झाडांना सोसत नाही. पाने कडेने भाजतात. सकाळचे ऊन आणि दुपारनंतर सावली अशी जागा असावी, नसल्यास हिरवी जाळी बांधावी. कूपनलिकेचे पाणी जड असेल तर पिपात क्षार साचतात आणि पानांची टोके तपकिरी होतात; तो रोग समजून फवारण्या करू नयेत. महिन्यातून एकदा तळातून वाहून जाईल इतके पाणी भरपूर द्यावे, आणि पावसाचे पाणी साठवता आले तर ते द्यावे. शेणखताचा अतिरेक केला की पाने फोफावतात आणि फूल रुसते, असा आमचा अनुभव आहे. फुलून गेलेला दांडा पुन्हा फुलत नाही. तो बुडातून काढावा. मात्र न फुललेला दांडा केवळ जुना दिसतो म्हणून कापू नये, पुढचा तुरा त्यावरच येण्याचा संभव असतो.

रोपे आणताना ‘अल्पिनिया’ एवढेच नाव सांगून चालत नाही. आम्हांला पहिल्या वेळी मिळाले ते पिवळ्या पट्ट्यांच्या पानांचे शोभेचे झाड होते. कुलिंजनाचे पान एकरंगी हिरवे असते. रोप घेताना मुळाशी नख लावून वास घ्यावा. सर्वांत बरे म्हणजे ज्याच्याकडे फुलून झाले आहे अशा माणसाकडून कंद आणावा.

आता ज्या मताशी आमचा स्पष्ट विरोध आहे त्याविषयी. ‘कुंडीतील औषधालय’, ‘गच्चीवरील दवाखाना’ अशा मथळ्यांचे लेख अलीकडे पुष्कळ येतात, आणि वैद्याने आपली औषधे आपणच पिकवावीत असा त्यांचा सूर असतो. हेतू चांगला आहे, पण हिशेब बसत नाही. ओल्या कंदाचे वजन वाळल्यावर साधारण चौथा-पाचवा भाग उरते. दोन-तीन वर्षे सांभाळलेल्या पिपातून हाती येईल ते चूर्ण औषधालयाला आठवडाभरही पुरणार नाही. आणि संख्येपेक्षा मोठा प्रश्न भूमीचा आहे. चरकाच्या कल्पस्थानात द्रव्य कोणत्या भूमीतून, कोणत्या काळी घ्यावे याचा एवढा विचार आहे. विटांचे तुकडे आणि विकतचा पोयटा यांना त्या परीक्षेत कोणत्या देशात बसवायचे? पिपातला कंद रुग्णाला देऊ नये, असे आम्ही स्वतःपुरते ठरवले आहे. ओल्या तुकड्यांपैकी काही वाळवून बरणीत नमुना म्हणून ठेवतो, काही नव्या वैद्यांना हुंगायला-चाखायला देतो, उरलेले पुन्हा लावतो.

कालाच्या बाबतीत मात्र या पिपांनी आम्हांला एक प्रश्न दिला आहे, आणि तो वाचकांपुढे ठेवल्यावाचून राहवत नाही. त्याच कल्पस्थानात कंद शरदात घ्यावे असे सांगितले आहे, आणि मुळे ग्रीष्मात किंवा शिशिरात. आमच्या पिपातला कचोरा शरदात भरपूर पानांनिशी उभा असतो. त्या वेळी काढलेला कंद पाणीदार. वाळताना सुरकुततो आणि त्याचा वास फिका राहतो. पाने पूर्ण झडल्यावर शिशिरात काढलेला कंद टणक, पिठूळ आणि तीव्र गंधाचा. हळदीचा शेतकरीही पाला वाळल्यावरच काढणी करतो. मग आल्याच्या कुळातील या भूमिगत खोडांना संहितेच्या परिभाषेत ‘कंद’ म्हणायचे की त्यांना ‘मूल’ म्हणून शिशिराचा नियम लावायचा? व्यवहारात आपण सुंठीला, हळदीला कंद म्हणतो. पण संहिताकारांच्या मनात कंद म्हणून सुरणासारखी द्रव्ये असतील तर नियमाचा रोख निराळा ठरतो. दोन पिपांवरून सिद्धांत मांडण्याचे धाडस आम्ही करणार नाही. ज्या औषधनिर्मात्यांकडे शेतकऱ्यांशी करार आहेत त्यांनी एकाच शेतातील माल दोन ऋतूंत काढून त्यातील तेलाचे प्रमाण तपासावे आणि येथेच प्रसिद्ध करावे, एवढी विनंती.

आणि शटी? तिच्यासाठीच हा सारा खटाटोप सुरू झाला, पण खरी शटी, हेडिचियम स्पाइकॅटम, आमच्याकडे नाही. ती हिमालयाच्या मध्यम उंचीवरची वनस्पती. एका स्नेह्याने डोंगरातून कंद आणून दिले होते. पहिल्या पावसात ती उगवली, हातभर वाढली, पुढच्या उन्हाळ्यात सुकली आणि दुसऱ्या पावसात कुजली. दोन वेळा असेच झाले. पठारावर पिपात ती टिकवल्याचे कोणी सांगत असेल तर आम्ही ते झाड पाहण्यास आनंदाने येऊ. तोपर्यंत तिच्या सख्ख्या बहिणीवर, सोनटक्क्यावर, आम्ही समाधान मानतो. सोनटक्का शटीऐवजी औषधात वापरावा असे कोणी यातून समजू नये. पण दोन ओळींतील पाने, टोकाचे कणीस, फुलपाखरासारखे फूल आणि त्यातून बाहेर आलेला लांब पुंकेसर हे बहिणींचे सामान्य रूप त्यावर शिकता येते. शटीचे फूल सडपातळ आणि पुंकेसर तांबडा, एवढा भेद मग चित्रावरूनही ध्यानात राहतो. शिवाय भाद्रपदातल्या संध्याकाळी औषधालयाच्या दारात तो फुलला की रुग्ण औषध घेऊन झाल्यावरही थोडा वेळ रेंगाळतात.

औषधनिर्मात्यांसाठी आणखी एक सूचना. चकत्यांचा माल मागवताना प्रत्येक खेपेबरोबर न कापलेले, न वाळवलेले चार-पाच कंद निराळ्या पिशवीत मागावेत आणि ते खेपेचा क्रमांक घालून लावावेत. उत्तर पावसाळ्यात मिळेल, तोवर माल वापरून झालेला असेल, हा आक्षेप बरोबर आहे. पण पुढच्या वर्षी त्याच व्यापाऱ्याकडून घ्यावे की नाही, हे त्या उत्तराने कळते. आणि कंद लावले जाणार आहेत एवढे कळले तरी पाठवणारा काळजी घेतो. आमच्या व्यापाऱ्याने पुढच्या मागणीच्या वेळी आपणहून विचारले, ‘तुम्हांला डोंगरातली हवी की दक्षिणेकडची?’ इतकी वर्षे हा प्रश्न त्याने विचारला नव्हता, आणि आम्हीही नाही.

आमच्याकडील कुलिंजन आणि पेव यांची पिपे आता दाटली आहेत. अक्षय्य तृतीयेनंतर, वळवाच्या पहिल्या सरी पडल्या की ती फोडून कंद वेगळे करणार आहोत. ज्या वैद्यबंधू-भगिनींना हवे असतील त्यांनी येताना गोणपाटाची पिशवी आणावी. कुलिंजनाच्या प्रत्येक तुकड्यावर निदान दोन डोळे आणि एक जुना दांडा ठेवून देऊ. पेवाचे कंद मागणाऱ्यांनी मागताना त्याला कुष्ठ म्हणू नये.